एलसीचे कागद बँकेत कोणी द्यायचे? गोव्यातल्या नव्या निर्यातदारांसाठी

फोंड्याजवळच्या एका काजू कारखान्यात मी निर्यातीचे कागद सांभाळायला लागले आणि दुसऱ्याच एलसीत (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे ठरलेले कागद बरोबर दिले की पैसे देईन अशी खरेदीदाराच्या बँकेची लेखी हमी) आमचा अख्खा कंटेनर अडकला. डब्ल्यू ३२० या प्रतीचे ७०० कार्टन, म्हणजे १५ टन ८७६ किलो काजूगर. माल खरेदीदाराच्या बंदरात पोचलेला, कागद त्याच्या बँकेत पोचलेले आणि बँक म्हणते पैसे देत नाही. शेठनी एकच प्रश्न लावून धरला, "कागद बँकेत कोणी नेऊन दिले गो बाय?" नेऊन दिले होते सीएचएच्या (कस्टम्सची कामं करणाऱ्या एजंटाच्या) ऑफिसातल्या पोरानं, कारण मी त्या दिवशी रजेवर होते. मग काय, दिवसभर त्या पोराच्या नावानं शिमगा.

पोराची काडीचीही चूक नव्हती, हे समजायला मला दोन महिने लागले. आता नवीन निर्यातदार भेटले की तेही पहिल्यांदा हेच विचारतात: कागद मीच द्यायला हवेत का? एजंटानं दिले तर चालतील का? दुसऱ्या बँकेतून गेले तर? उत्तर सोपं आहे, पण त्या उत्तरावर थांबलात तर आमच्यासारखे फसाल. म्हणून क्रमानं सांगते.

१. आधी नियम काय म्हणतो ते बघा

जगभरातल्या बहुतेक एलसी यूसीपी ६०० या नियमावलीवर चालतात. आंतरराष्ट्रीय चेंबर ऑफ कॉमर्सनं काढलेली, १ जुलै २००७ पासून लागू, एकूण ३९ कलमं. मराठीत ती कुठे मिळत नाही, इंग्रजीतच वाचावी लागते. पण ३९ कलमं म्हणजे एका रविवारचं काम आहे. वाचा.

त्यातल्या कलम २ मध्ये 'प्रेझेंटर' कोण ते सांगितलंय: लाभार्थी (ज्याच्या नावे एलसी आहे तो, म्हणजे तुम्ही), बँक किंवा कागद सादर करणारा दुसरा कोणीही. पुढच्या कलमांतही जिथे मुदतीचा विषय येतो तिथे 'लाभार्थीनं किंवा लाभार्थीच्या वतीनं' असेच शब्द आहेत. म्हणजे कागद तुमचा कारकून देऊ शकतो, तुमची बँक देऊ शकते, सीएचए देऊ शकतो, फॉरवर्डर (माल पाठवायची व्यवस्था करणारा) देऊ शकतो. सीएचएच्या पोरानं दिले म्हणून कोणतीही बँक ते नाकारू शकत नाही, एलसीत तशी अट नसेल तर.

ही 'नसेल तर' मोठी आहे. यूसीपीचं कलम १ च म्हणतं की एलसीत वेगळं लिहिलं असेल तर एलसीतलं चालेल. एखादा खरेदीदार 'कागद फक्त लाभार्थीच्या बँकेमार्फत यावेत' अशी ओळ घालून ठेवतो. तशी ओळ असली की विषय संपला, बँकेमार्फतच पाठवा.

२. कागद देणारा आणि कागद काढणारा यांत गल्लत करू नका

नवखे लोक इथे हमखास गोंधळतात. कागद बँकेत कोणी नेले ही एक गोष्ट, कागदावर नाव आणि सही कोणाची ही दुसरी.

इनव्हॉइस लाभार्थीचाच हवा आणि तो एलसी उघडणाऱ्या खरेदीदाराच्या नावानं हवा, एलसी ज्या चलनात आहे त्याच चलनात. एलसीत हुंडी (बिल ऑफ एक्सचेंज, पैसे द्या असा लेखी आदेश) मागितली असेल तर तीही लाभार्थीनंच काढायची. पण बीएलवर (बिल ऑफ लेडिंग, जहाज कंपनीचा मालाचा कागद) शिपर, म्हणजे माल पाठवणारा, म्हणून दुसऱ्याचं नाव असलं तरी कलम १४ नुसार चालतं, तुमच्या भावाच्या फर्मचं असलं तरी. मात्र बीएल 'टू ऑर्डर' (मागच्या सहीनं दुसऱ्याच्या नावे करता येणारा) असेल तर मागच्या बाजूची सही त्या शिपरची लागते, तुमची नाही. एकदा आम्ही सगळे कागद घेऊन बँकेत गेलो आणि ही सही राहिलेली. शिपर पेडण्याला, आम्ही पणजीत, बँक बंद व्हायला एक तास. पुढचं सांगत नाही.

लाभार्थी म्हणजे एलसीत छापलेलं नाव, अक्षर न् अक्षर. एलसी आली तेव्हा तुमची प्रोप्रायटरी फर्म होती आणि माल जाईपर्यंत तुम्ही प्रायव्हेट लिमिटेड झालात, तर नव्या नावाचा इनव्हॉइस परत येईल. आधी अमेंडमेंट (एलसीत दुरुस्ती) मागा, मग माल हलवा. आपल्याकडे आणखी एक समज आढळतो. गोव्याच्या समान नागरी कायद्यामुळे सहसा नवराबायकोची मालमत्ता सामायिक असते, म्हणून नवरा बाहेरगावी असला की बायकोनं इनव्हॉइसवर सही केली तर काय बिघडलं, असं घरोघरी मानतात. घरदार अर्धं तुमचं असेल हो, पण बँकेत सहीचा अधिकार नोंदलेला नसेल तर ती सही बँक धरत नाही. सहीचा अधिकार आधीच नोंदवून ठेवा.

३. एलसीतले हे रकाने माल भरायच्या आधी वाचा

एलसी स्विफ्टच्या (बँकांच्या संदेशयंत्रणेच्या) ७०० नंबरच्या संदेशातून येते. पानं पाहून घाबरायला होतं, पण आपल्या विषयापुरते सहा रकाने पुरे आहेत.

४०ए: एलसीचा प्रकार. 'ट्रान्सफरेबल' शब्द आहे का बघा.
४०ई: नियम कुठले. बहुतेक वेळा यूसीपीची चालू आवृत्ती. स्टँडबाय एलसी (समोरच्यानं पैसे चुकवले तरच वापरायची हमी) असेल तर आयएसपी ही दुसरी नियमावली असू शकते, मग नियम वेगळे.
३१डी: मुदत कधी संपते आणि कुठे. 'कुठे' हा शब्द लोक वाचतच नाहीत.
४१ए किंवा ४१डी: एलसी कोणत्या बँकेत वटते. हीच नॉमिनेटेड बँक, म्हणजे एलसीनं नेमलेली.
४८: माल चढल्यानंतर किती दिवसांत कागद द्यायचे.
४७ए: जास्तीच्या अटी. सगळे साप याच बिळात असतात, कागद कोणी आणि कसे द्यायचे याची अटही इथेच लपते.

प्रिंट काढा, हे सहा रकाने हायलाइटरनं रंगवा आणि भिंतीला लावा. मी अजूनही लावते. ऑफिसातली मुलं हसतात.

४. कोणत्या खिडकीवर द्यायचे, हा खरा प्रश्न

आता आमच्या कंटेनरची गोष्ट. बीएलची तारीख ८ जुलै. एलसीची मुदत २९ जुलै, ठिकाण भारत. ४१ए मध्ये मुंबईतल्या एका बँकेचं नाव. एलसी आम्हाला कळवली होती दुसऱ्याच बँकेनं, आणि आमचं खातं तिसऱ्या बँकेत, फोंड्यात. तीन बँका, तीन नावं. मला वाटलं, बँक ती बँक.

१९ जुलैला सीएचएच्या पोरानं कागद आमच्या फोंड्याच्या शाखेत दिले. हातात दहा दिवस होते. फोंड्याची शाखा फॉरेक्सची नव्हती, तिनं कागद पणजीला धाडले. पणजीत ते तीन दिवस पडून राहिले, कारण तिथल्या साहेबांना आमच्या पॅकिंग लिस्टवर एक शिक्का हवा होता. 'फाल्यां हाड' (उद्या आण) म्हणाले, तर आम्ही नेला परवा. मग २५ तारखेला त्यांनी सगळा गठ्ठा कुरिअरनं परदेशातल्या इश्यूइंग बँकेकडे (एलसी उघडणाऱ्या खरेदीदाराच्या बँकेकडे) पाठवला. थेट. पोचला ३१ तारखेला.

इश्यूइंग बँकेनं लिहिलं: मुदत संपल्यावर कागद आले.

शेठ म्हणाले, आपण तर १९ लाच दिले ना? दिले, पण आमची बँक नॉमिनेटेड बँक नव्हती. तिच्या काउंटरवर कागद ठेवणं म्हणजे आमच्याच पोस्टमनच्या हातात ठेवणं. सादर झाले असं तेव्हाच धरतात जेव्हा ते नॉमिनेटेड बँकेत किंवा इश्यूइंग बँकेत पोचतात. आमची बँक 'प्रेझेंटर' म्हणून अगदी नियमात बसत होती, त्याबद्दल कोणाची तक्रारच नव्हती. तक्रार एवढीच की ती पोचली ३१ ला. तेच कागद २९ च्या आत मुंबईच्या त्या बँकेत गेले असते, तर एका एसटीच्या तिकिटात काम झालं असतं. खरेदीदारानं पुढे काय केलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल: भाव पडलेला होता, त्यानं सूट मागितली, आणि बंदरावर डेमरेज (माल पडून राहिल्याचा दंड) चढत असताना शेठना ती द्यावी लागली.

तेव्हा ४१ ए किंवा डी वाचून आपण कोणत्या परिस्थितीत आहोत ते ठरवा.

'एनी बँक' किंवा 'भारतातली कोणतीही बँक' लिहिलंय: सगळ्यात सुखाचं. तुमचीच बँक नॉमिनेटेड होते. तिच्याकडे मुदतीत द्या. फक्त एक पाहा, शाखेत दिलेला गठ्ठा फॉरेक्सच्या माणसाकडे त्याच दिवशी नोंदला जातो की पणजी-मुंबईला पोचल्यावर. शाखा व्यवस्थापकाला आधीच विचारा आणि पोच त्याच दिवसाची घ्या.

विशिष्ट बँकेचं नाव लिहिलंय: कागद त्या बँकेत मुदतीच्या आत पोचायला हवेत. तुमचं तिथे खातं नसेल तर बरेचदा ती तुमच्या हातून कागद घेतच नाही, केवायसीचं कारण सांगते. मग रस्ता असा: तुमच्या बँकेनं तुमच्या वतीनं तिच्याकडे सादर करायचे. तुमच्या बँकेला लेखी सांगा की कागद थेट परदेशी धाडू नका, मुंबईच्या अमुक बँकेला द्या. हे तोंडी सांगून विसरले जातात. अनुभवाचे बोल.

इश्यूइंग बँकेचंच नाव लिहिलंय आणि मुदतही तिच्या देशात संपते: जपून. म्हणजे कुरिअरचे सगळे दिवस तुमच्या मुदतीतून जाणार. वाटेत गठ्ठा हरवला तर तोटा तुमचा. नॉमिनेटेड बँकेनं कागद बरोबर ठरवून पुढे धाडले आणि वाटेत हरवले, तर कलम ३५ नुसार इश्यूइंग बँकेला पैसे द्यावेच लागतात; पण तुम्ही किंवा तुमच्या साध्या बँकेनं थेट पाठवले तर हे संरक्षण नाही. अशी एलसी आली की माल भरायच्या आधीच खरेदीदाराकडे ४१ आणि ३१डी बदलून मागा. मागितलं की बरेच जण देतात. आपणच लाजतो.

एलसी कन्फर्म केलेली असेल (म्हणजे दुसऱ्या एका बँकेनंही पैशांची हमी दिली असेल) तर तिच्यासाठी कमिशन मोजलेलं असतं. कन्फर्म करणाऱ्या बँकेची हमी कागद तिच्याकडे किंवा दुसऱ्या नॉमिनेटेड बँकेकडे गेले तरच लागू होते. तिला वगळून सरळ इश्यूइंग बँकेकडे पाठवलेत तर कन्फर्मेशनचे पैसे झुआरीत टाकले असं समजा.

आणि हा सापळा तर मला दर महिन्याला कोणी ना कोणी दाखवतं: एलसी कळवणारी बँक, म्हणजे ॲडव्हायझिंग बँक, तिच्या पत्राखाली छापलेलं असतं, 'कृपया कागद आमच्याकडे सादर करा'. ते तिच्या धंद्याचं आमंत्रण आहे. त्यानं ती नॉमिनेटेड होत नाही. ४१ मध्ये काय आहे तेच खरं.

५. तुमच्या वतीनं कोणाला पाठवाल

आपला माणूस: सर्वात बरं. मी स्वतः एकदा रात्रीच्या बसनं मुंबईला जाऊन सकाळी बँक उघडायच्या आधी दारात उभी राहिले आहे. अंगावर बसचा वास, हातात फाइल, पण अकरा वाजता पोच मिळाली.

आपली बँक: नेहमीचा आणि भारतात बहुधा अटळ मार्ग. यूसीपी म्हणते कोणीही देऊ शकतो, पण परकीय चलनाच्या आपल्या नियमांप्रमाणे निर्यातीचे कागद सर्वसाधारणपणे अधिकृत डीलर (एडी, म्हणजे परकीय चलनाच्या व्यवहाराची परवानगी असलेल्या) बँकेमार्फतच जायला हवेत. शिपिंग बिलावर (कस्टम्सला द्यायच्या निर्यातीच्या कागदावर) जिचा एडी कोड आहे तिच्याकडूनच रिझर्व्ह बँकेच्या ईडीपीएमएस या निर्यातीच्या नोंदयंत्रणेत पैसे आल्याची नोंद होते. म्हणून परस्पर परदेशी कुरिअर करायच्या भानगडीत पडू नका, नाहीतर पैसे येऊनही नोंद उघडी राहते आणि पुढच्या शिपिंग बिलाला अडचण.

सीएचए किंवा फॉरवर्डर: चालतो, पण अधिकारपत्र देऊन. आणि कागद देताना मूळ बीएलचा पूर्ण संच त्याच्या हातात जातोय हे लक्षात असू द्या. पाठीमागे कोरी सही केलेला बीएल ज्याच्या हातात, माल सोडवायची किल्ली त्याच्या हातात. त्याच्याकडून पोच घ्या, कितीही ओळखीचा असला तरी. खरं तर ओळखीचा असला तर आधी घ्या.

खरेदीदार: कधीच नाही. 'कागद मला पाठवा, मी माझ्या बँकेत देतो' असं गोड बोलणारे भेटतात. खरेदीदाराकडे कागद देणं म्हणजे बँकेत सादर करणं नव्हे. तो बँकेत देईल तेव्हा देईल, किंवा बीएल घेऊन माल उचलेल आणि मग फोन उचलणार नाही. '१/३ मूळ बीएल थेट खरेदीदाराला पाठवल्याचा दाखला' मागणारी अट ४६ए मध्ये (कोणते कागद हवेत त्या रकान्यात) असेल तर तीही याच घरातली. पहिल्या व्यवहारात तरी मान्य करू नका.

व्हॉट्सॲपवरचे फोटो आणि ईमेलची पीडीएफ हे सादरीकरण नाही. ४०ई मध्ये ईयूसीपी (इलेक्ट्रॉनिक कागदांसाठी यूसीपीला जोडलेले नियम) लिहिलेलं असेल तरच इलेक्ट्रॉनिक कागद चालतात, आणि तेही एलसीत सांगितलेल्या पद्धतीनंच.

६. ट्रान्सफर झालेली एलसी असेल तर

गोव्यातले बरेच छोटे कारखाने मुंबईच्या व्यापाऱ्यामार्फत माल देतात. व्यापारी पहिला लाभार्थी, तुम्ही दुसरे. एलसी ट्रान्सफरेबल असेल तर तो तिचा तुकडा तुमच्या नावे करून देतो.

इथे कलम ३८ सरळ सांगतं: दुसऱ्या लाभार्थीचे कागद ट्रान्सफर करणाऱ्या बँकेकडेच सादर व्हायला हवेत. इश्यूइंग बँकेकडे थेट जायची वाट बंद. कारण उघड आहे. पहिल्या लाभार्थीला तुमचा इनव्हॉइस काढून स्वतःचा, जास्त दराचा इनव्हॉइस घालायचा हक्क आहे, त्याचा नफा तिथेच आहे. तुम्ही थेट गेलात तर त्याचा भाव उघडा पडतो.

तुमच्यासाठी चांगली बातमी अशी की बँकेनं पहिल्यांदा मागितल्यावरही त्यानं आपला इनव्हॉइस दिला नाही, तर बँक तुमचेच कागद पुढे पाठवू शकते. त्याच्या सुस्तीमुळे तुमचा माल कायमचा अडकून राहत नाही. दुसरी गोष्ट, तुम्हाला मिळालेली एलसी तुम्ही पुढे साखळीच्या किंवा डिचोलीच्या कोणाला ट्रान्सफर करू शकत नाही. साखळी तिथे तुटते (गावाचं नाव मुद्दाम घेतलं नाही).

व्यापारी जर म्हणाला, "ट्रान्सफर कशाला, मी तुम्हाला पैशांचं असाइनमेंट करून देतो," तर फरक समजून घ्या. कलम ३९ चं असाइनमेंट म्हणजे एलसीतून पैसे आलेच तर त्यातला हिस्सा तुम्हाला. कागद सादर करायचा हक्क त्यानं मिळत नाही, तो व्यापाऱ्याकडेच राहतो. त्यानं कागद दिलेच नाहीत तर तुमच्या असाइनमेंटला अर्थ उरत नाही. मी असाइनमेंटवर माल देऊ नका म्हणणार नाही, पण त्या माणसाच्या घरी जेवायला बसण्याइतकी ओळख असेल तरच द्या.

७. तारखांचा हिशेब

एलसीत ४८ वा रकाना कोरा असेल आणि मूळ बीएलसारखा वाहतुकीचा कागद असेल, तर माल चढल्याच्या तारखेपासून २१ दिवस. कॅलेंडरचे दिवस, सुट्ट्या धरून. आणि कोणत्याही परिस्थितीत एलसीच्या मुदतीच्या आत. दोन्हीतली आधीची तारीख तुमची.

शेवटचा दिवस बँकेच्या सुट्टीवर आला तर कलम २९ पुढचा कामाचा दिवस देतं. पण कोणाची सुट्टी? ज्या बँकेत द्यायचे तिची. बीएल १२ नोव्हेंबरचा असेल तर २१ वा दिवस ३ डिसेंबर. त्या दिवशी जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, गोव्यातल्या बँका बंद. नॉमिनेटेड बँक पणजीची असेल तर तुम्हाला ४ तारीख मिळते, तीही कामाचा दिवस असेल तर. नॉमिनेटेड बँक मुंबईची असेल तर तिथे फेस्ताशी कोणाला देणंघेणं नाही, बँक उघडी, आणि तुमची मुदत ३ लाच संपते. तुमची गोव्यातली बँक मात्र बंद, म्हणजे कागद २ लाच निघालेले हवेत. १९ डिसेंबरच्या मुक्तिदिनाचं आणि चवथीच्या दुसऱ्या दिवसाचंही तेच. दुसरा आणि चौथा शनिवार देशभर बंद असतो, तो कोणी विसरत नाही; विसरतात तो आपला स्थानिक सण.

सुट्टीमुळे पुढे ढकललेल्या दिवशी कागद दिलेत तर नॉमिनेटेड बँकेच्या कव्हरिंग शेड्यूलवर (गठ्ठ्यासोबतच्या पत्रावर) तसा उल्लेख आहे का पाहून घ्या. आणि माल चढवायची शेवटची तारीख मात्र सुट्टीमुळे वाढत नाही, गल्लत नको.

वेळही बघा. बँकेच्या कामकाजाच्या वेळेनंतर कागद घ्यायला बँक बांधील नाही.

मी स्वतः बीएल हातात आल्यापासून सात दिवसांत कागद द्यायचा नियम पाळते. चूक निघाली तर दुरुस्त करून पुन्हा द्यायला वेळ उरतो. मुदतीच्या आत पुन्हा सादर करायला कोणाची आडकाठी नसते.

८. पिशवीत काय हवं

मूळ एलसी आणि सगळ्या अमेंडमेंट. एखादी अमेंडमेंट तुम्हाला मान्य नसेल तर तसं आधी कळवा. तिच्यातला अर्धा भाग मान्य, अर्धा नाही, असं चालत नाही.
४६ए मध्ये मागितलेला प्रत्येक कागद, मागितलेल्या प्रतींत, आणि प्रत्येकाची निदान एक मूळ प्रत. काजूसाठी साधारणपणे इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बीएलचा पूर्ण संच, मूळ देशाचा दाखला, फायटोसॅनिटरी (कीड-रोग नसल्याचे) आणि फ्युमिगेशनचे (धुरी दिल्याचे) दाखले. सीआयएफ (विमा आणि भाडं धरून भाव) असेल तर विम्याचा कागद, निदान त्या किमतीच्या ११० टक्क्यांचा.
हुंडी, मागितली असेल तर.
शिपिंग बिलाची प्रत, तुमच्या बँकेसाठी. एलसीत मागितली नसेल तर ती परदेशी गठ्ठ्यात घालू नका.
लेटरहेडवर कव्हरिंग पत्र: एलसी नंबर, रक्कम, कागदांची यादी, पैसे कोणत्या खात्यात, आणि कागद कोणत्या बँकेत सादर करायचे ते.
दुसरा कोणी नेत असेल तर अधिकारपत्र: 'अमुक व्यक्ती आमच्या वतीनं हे कागद सादर करत आहे', नेणाऱ्याच्या सहीचा नमुना, आणि तुमचा फोन व ईमेल.

९. दिल्यानंतर

तारीख, वेळ आणि शिक्का असलेली पोच. यादीच्या प्रतीवरच घ्या, म्हणजे कोणता कागद दिला यावर पुढे वाद नको.

कागद मिळाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून बँकेला तपासायला जास्तीत जास्त पाच कामाचे दिवस असतात. पैसे नाकारायचे असतील तर तिनं एकच नोटीस द्यायची, त्यात सगळ्या चुका एकदमच सांगायच्या. आज एक, उद्या दुसरी असं चालत नाही.

आता कागद कोणी दिले याला इथे खरंच महत्त्व येतं. नाकारल्याची नोटीस जाते प्रेझेंटरकडे. तुमच्या बँकेनं सादर केले असतील तर बँकेकडे, सीएचएनं दिले असतील तर सीएचएकडे. तुमच्याकडे येईलच असं नाही. आमच्या त्या कंटेनरच्या वेळी नोटीस आमच्या बँकेच्या पणजीच्या टेबलावर चार दिवस पडून होती, आणि आम्हाला ती कळली खरेदीदाराच्या फोनवरून. त्यानं सूट मागायला फोन केला होता.

म्हणून अधिकारपत्रात आणि कव्हरिंग पत्रात नोटीस आली की त्याच दिवशी कोणाला कळवायचं त्याचं नाव आणि मोबाइल लिहा. दोन नंबर लिहा. शेठचा एकट्याचा नको, शेठ दुपारी झोपतात.